पीटीच्या सरांचा थकवा

मी कुहीच्या एका शाळेत एकतीस वर्षं पीटीचा मास्तर होतो. नागपूरच्या हुडकेश्वर भागातून रोज मोटरसायकलने जायचं, दिवसभर मैदानात उभं राहायचं आणि संध्याकाळी परत यायचं. उन्हाळ्यात डोक्याला दुपट्टा, हिवाळ्यात कानटोपी आणि बारा महिने गळ्यात शिट्टी. एवढ्या वर्षांत मुलांना काय शिकवलं असं कुणी विचारलं तर कवायत, लेझीम, खो-खो असं सांगता येईल. पण खरं उत्तर असं आहे की मी त्यांना थकायला बंदी केली होती.

"सर, थकलो," असं जो म्हणेल त्याला मैदानाची आणखी एक फेरी. दुसऱ्यांदा म्हणेल त्याला दोन. तिसऱ्यांदा कुणी म्हणत नसे आणि ते मी माझ्या पद्धतीचं यश समजत असे. थकवा पायात नसतो, डोक्यात असतो, असं माझं ठाम मत होतं. हे मत मी वर्गात, शिक्षकांच्या खोलीत, लग्नाच्या पंगतीत, कुठेही आणि कुणी न विचारता सांगायचो. घरीही सांगायचो. बायको घरी शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल, पिको. संध्याकाळी ती कधी मशीनवर डोकं टेकवून बसलेली दिसली की मी म्हणायचो, "काय झालं वं? दिवसभर घरीच तर होतीस."

निवृत्तीला तीन वर्षं उरली होती तेव्हा शाळेत शिक्षकांची आरोग्य तपासणी झाली. हॉलमध्ये टेबलं मांडली होती. मी बाह्या सरसावून सगळ्यांच्या आधी रांगेत. वजन बरोबर, शुगर नाही, बीपी नाही. तपासायला आलेला तरुण डॉक्टर माझी नाडी मोजून म्हणाला, "खेळाडू दिसता." मी मागे वळून गणिताच्या सरांकडे पाहिलं. गणिताचे सर दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात जाताना मधल्या पायरीवर एकदा बसून घेत. त्यांच्या खिशात कायम चिवड्याची पुडी असे.

आठ दिवसांनी रक्ताचे रिपोर्ट आले. गणिताच्या सरांच्या रिपोर्टमध्ये एकही खूण नाही. माझ्या रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉलच्या ओळीखाली ठळक अक्षरं आणि पुढे चांदणीची खूण.

"लॅबवाल्यांनी अदलाबदल केली असन," मी म्हटलं.

"असन ना," गणिताचे सर म्हणाले आणि चिवड्याची पुडी माझ्यापुढे धरली. मग जरा विचार करून मागे घेतली.

आमच्या घराजवळ एक डॉक्टर आहेत. आमचं सगळं घर त्यांच्याकडेच जातं. त्यांनी रिपोर्ट पाहिला आणि विचारलं, "सर, तुमचे वडील कशानं गेले?"

"हार्टनं. बावन्नाव्या वर्षी."

"आणि मोठे भाऊ?"

"त्याला मागच्या वर्षी दोन स्टेंट टाकले."

"मग विचार कसला करायचा? गोळी सुरू करू."

"पण डॉक्टरसाहेब, मी रोज सकाळी दहा राउंड मारतो."

"मारा ना. गोळी खाऊन मारा."

त्यांनी चिठ्ठी लिहिली. लिहिता लिहिता म्हणाले की कधी अंग दुखल्यासारखं वाटलं, विनाकारण थकवा वाटला तर लगेच सांगायचं, आपल्या मनानं काही करायचं नाही. हे मी ऐकलं, पण दुसऱ्या कुणाला सांगताहेत अशा थाटात ऐकलं. थकवा आणि मी?

ऑगस्टात गोळी सुरू झाली. सप्टेंबरच्या शेवटी एका सकाळी अंथरुणातून उठताना मला पाय हाताने उचलून खाली ठेवावे लागले. वाटलं, पलंगाचं काहीतरी झालं असेल. गादी उलटी केली. मग वाटलं, मोटरसायकलचे शॉकअप गेले असतील, म्हणून गाडी मेकॅनिककडे दिली. त्याने चालवून पाहिली आणि म्हणाला, "काका, गाडी तर एकदम टनाटन आहे." त्याने 'गाडी' या शब्दावर जरा जोर दिला असं मला उगाच वाटलं.

पोटऱ्या दुखायच्या. आदल्या दिवशी एखादा डोंगर चढून आल्यावर दुखतात तशा, फक्त डोंगर नसायचा. उमरेड रोडवर एका टपरीपाशी मी थांबायला लागलो. चहा प्यायला थांबतो असं मी स्वतःला सांगितलं होतं. खरं म्हणजे मी चहा मागवायचो आणि तो निवेपर्यंत हँडलवर हात ठेवून नुसता बसायचो. गाडी शाळेत लावल्यावर मैदानापर्यंतचं अंतर एका रात्रीत कुणीतरी दुप्पट केल्यासारखं वाटायचं. आणि हा थकवा काम करून आलेला नव्हता. मेहनतीच्या थकव्यात एक समाधान असतं, भूक लागते, झोप चांगली येते. याच्यात तसलं काही नव्हतं. आठ तास झोपून उठावं आणि रात्रभर कुणी पोती वाहायला लावली असं वाटावं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला मी ऑफिसमधून एक प्लास्टिकची खुर्ची मैदानात आणली. फक्त आजचा दिवस, असं मनाशी म्हणून. अठ्ठावीस वर्षांत मैदानावर मी कधी बसलो नव्हतो. पोरं लेझीम थांबवून बघत राहिली. त्यांना वाटलं, ही नवीन काहीतरी शिक्षा आहे.

दुसऱ्या दिवशीही खुर्ची लागली. तिसऱ्या दिवशी मी यायच्या आधीच ती मैदानात, सावली पाहून ठेवलेली होती.

आणि मग जे सुरू झालं त्याची मला कल्पना नव्हती. ओरडायला छातीत दम लागतो. तो नव्हता, म्हणून मी ओरडेनासा झालो. फेऱ्या मारायला लावल्या की मोजत उभं राहावं लागतं, म्हणून फेऱ्या बंद झाल्या. मुलं आपापली खेळायला लागली. पंधरा दिवसांनी मुख्याध्यापिका बाई मैदानाच्या कडेने जाताना थांबल्या. "सर, तुमच्या तासाला आजकाल किती प्रसन्न वाटतं! आधी माझ्या केबिनच्या खिडक्या बंद कराव्या लागायच्या."

पोरं खुर्चीपाशी येऊन बोलायला लागली. नववीतल्या एका मुलीला मी दोन वर्षं आळशी म्हणत आलो होतो, कारण ती पहिल्या तासाच्या कवायतीला पेंगायची. ती येऊन सहज म्हणाली, "सर, बस बंद पडली तवापासून मी पायदळच येतो." कुठून येते ते विचारलं तर तिने गावाचं नाव सांगितलं. त्या गावाला मी मोटरसायकलनेही दोनदाच गेलो होतो. रस्ता फार खराब आहे म्हणून.

खो-खोच्या मुलींना मी सरावात प्रत्येक पावलाला सूचना द्यायचो. आता खुर्चीतून तेवढा आवाज पोचत नव्हता. त्यांच्या कॅप्टनने आपल्याच डोक्याने खेळाडूंच्या जागा बदलल्या. तालुक्याच्या स्पर्धेत आमची शाळा बऱ्याच वर्षांनी पहिली आली. दिवाळीच्या सुट्टीआधी माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. बाई भाषणात म्हणाल्या की सरांनी मुलींना निर्णयस्वातंत्र्य देण्याचा नवा प्रयोग केला. मी खाली मान घालून ऐकत होतो. लोकांना तो विनय वाटला. मी मनातल्या मनात हिशेब करत होतो की स्टेजला पायऱ्या पाच आहेत आणि उतरताना कठडा डाव्या बाजूला आहे की उजव्या.

म्हणजे माझी तब्येत जितकी बिघडत होती तितका मी लोकांना आवडत होतो. घरी मुलगी माहेरपणाला आली तर म्हणाली, "बाबा किती शांत झाले नं?" जावईसुद्धा दोन दिवस जास्त राहिला.

डॉक्टरांना सांगायचं सोडून मी हे सकाळच्या फिरायच्या मंडळात सांगितलं. आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वस्तीत, एक बगीचा आहे, तिथे सात-आठ जण जमतात. मी आता फेऱ्या सोडून बाकावर बसायचो, म्हणून मला मंडळात नव्यानेच जागा मिळाली होती. एकाने दुधीभोपळ्याचा रस सांगितला. एक म्हणाला, वय झालं, मान्य कर. वीज खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ मात्र माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गोळी खाऊन राहिला का गा तू? कोलेस्टेरॉलची?"

"हो."

"तेच तं! मी तं केव्हाचीच बंद करून टाकली. आता पाय एकदम मस्त चालून राहिले. काही होत नाही बे, हे सारे कंपनीवाल्याइचे धंदे आहेत."

एवढं मला पुरलं. बायको रोज रात्री जेवण झालं की गोळी आणि पाण्याचा गिलास हातात द्यायची. मी पाणी प्यायचो आणि गोळी ट्रॅकपँटच्या खिशात टाकायचो. दुसऱ्या दिवशी मैदानाच्या कुंपणापलीकडे फेकायचो. कधी फेकायला विसरायचो.

तीन आठवड्यांत मी परत मी झालो. सकाळी उठलो आणि पाय आपणहून जमिनीवर गेले. टपरीवाला "मास्तर, आज थांबणार नाही का?" म्हणत राहिला आणि मी सरळ पुढे. शाळेत पोचल्याबरोबर खुर्ची स्वतः उचलून ऑफिसात नेऊन ठेवली आणि अशी शिट्टी वाजवली की शेजारच्या शेतातले बगळे उडाले. पोरांची तोंडं उतरली. कॅप्टनने ठरवलेल्या जागा मी पुन्हा बदलल्या. बाईंनी केबिनची खिडकी लावून घेतली. दोन दिवसांनी त्यांनी मला काळजीच्या सुरात विचारलं, "सर, तब्येत बरी आहे ना? चिडचिड होते आहे का?"

तब्येत अठ्ठावीस वर्षांत नव्हती इतकी बरी होती.

जानेवारीत डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासायला लावलं. बायको सोबत होती. रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "सर, हे तर होतं तिथंच आहे. गोळी रोज घेता ना?"

"रोज."

"मध्ये खंड पडला?"

"एकही दिवस नाही," मी म्हटलं. आणि एवढ्यावर न थांबता पुढे म्हटलं, "डॉक्टरसाहेब, पीटीचा माणूस आहे मी. शिस्त म्हणजे शिस्त."

"मग थकवा, अंगदुखी काही?"

"अजिबात नाही." हे तरी खरं होतं.

डॉक्टरांनी गोळीचा डोस दुप्पट केला. माझ्या खोट्यावरून त्यांच्या बाजूने दुसरा कुठलाही निष्कर्ष निघत नव्हता. मी बायकोकडे पाहिलं. ती भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती.

परत येताना ती मोटरसायकलवर मागे बसली होती.  सिग्नलला थांबलो तेव्हा माझ्या कानापाशी म्हणाली, "आतापर्यंतच्या गोळ्या तुमच्या पँटीच्या खिशानं खाल्ल्या. ह्या तरी तुम्ही खा."

मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवेपर्यंत सिग्नल सुटल्याचं मला कळलं नाही.

घरी आल्यावर मी विचारलं, "तुले कधी कळलं?"

"पयल्याच आठवड्यात. धुवायच्या मशीनमधून कपडे काढले तं खिशात पांढरा लगदा. तिसऱ्या खेपेले अख्खी गोळीच निघाली."

"मग बोलली काहून नाही?"

ती शिवायला घेतलेला ब्लाउज उलटा-सुलटा करत होती. म्हणाली, "तुम्ही परत धडाधड जिना चढून राहिले होते. मले पाहून बरं वाटलं. म्हटलं, चार दिवस राहू दे." मग म्हणाली, "आज डॉक्टरपुढे बोलणार होतो मी. पण तुम्ही शिस्तीवर भाषण देऊन राहिले होते, मंग मध्ये तोंड घालवलं नाही."

त्यानंतर डॉक्टरांकडे परत जाऊन खरं सांगायचं, हे शहाण्या माणसाचं काम झालं असतं. मी लाजेपायी दुप्पट गोळी खायला लागलो. बायको समोर उभी राहायची आणि गिळल्यावर "आ करा" म्हणायची. मीही आ करायचो.

यावेळी थकवा यायला महिना लागला नाही. दहाव्या-बाराव्या दिवशीच मांड्या जड झाल्या. पाटावरून उठताना जमिनीला दोन्ही हात टेकावे लागायचे. आणि त्याच आठवड्यात सव्वीस जानेवारी होती.

संचलनाच्या पुढे चालण्याचा मान माझा असायचा. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे कॅनव्हासचे जोडे. झेंडावंदन झालं, पाहुण्यांचं भाषण झालं, ते लांबलं. एवढा वेळ मी सावधान स्थितीत उभा होतो आणि माझे गुडघे आतून थरथरत होते. मग संचलन सुरू झालं. ढोल वाजायला लागला. मैदानाच्या पहिल्या वळणापर्यंत मी व्यवस्थित गेलो. दुसऱ्या वळणाला मंचासमोर "दाहिने देख" द्यायचा असतो. तिथे पोचायच्या वीस पावलं आधी माझा उजवा पाय उचललाच गेला नाही. दुखला नाही, मुरगळला नाही. मी सांगितलं आणि त्याने ऐकलं नाही. मग डाव्यानेही नाही. मी चुन्याच्या पांढऱ्या रेषेवर खाली बसलो.

माझ्या मागे चाळीस मुलंमुली चालत येत होती. त्यांना मी वर्षानुवर्षं शिकवलं होतं की आदेश आल्याशिवाय थांबायचं नाही. आदेश द्यायला माझ्यात दम नव्हता. ती जागच्या जागी कदमताल करत राहिली. मी खाली बसलेलो आणि माझ्या पाठीमागे ऐंशी पाय जमिनीवर धप धप पडताहेत. धुळीने माझे पांढरे कपडे लाल झाले. पाहुणे उभे राहून पाहत होते, त्यांना हा कार्यक्रमाचा भाग वाटत असावा. शेवटी खो-खोच्या कॅप्टनने रांगेतूनच आवाज टाकला, "परेऽऽड, थम!" आणि मग धावत येऊन माझ्याजवळ बसली. "सर, पाणी देऊ?"

सगळ्यांना वाटलं हार्ट अटॅक. मलाही वाटलं. बाईंच्या गाडीत घालून मला नागपूरला दवाखान्यात आणलं आणि बायकोलाही तिथेच बोलावून घेतलं. रस्ताभर मला वडील दिसत होते. ते इतवारीत भांड्यांच्या दुकानात कामाला होते. एका दुपारी पितळी गुंड-घागरींच्या राशीशेजारी टेकून बसले आणि परत उठले नाहीत. मी तेव्हा कॉलेजात होतो. वडील थकले असं घरात कधीच कुणी म्हटलेलं ऐकलं नव्हतं. त्यांनी तर नाहीच. खिडकीतून बाहेर पाहताना प्रथमच माझ्या मनात आलं की ते म्हणाले असते, तर मी तरी काय उत्तर दिलं असतं? मला एक वाक्य पाठ होतं, तेच दिलं असतं.

हार्ट ठीक निघालं. ईसीजी केला, तोही ठीक आणि हृदयासाठी केलेली रक्ताची तपासणीही. तिथल्या डॉक्टर मुलीने चालू गोळ्यांची चिठ्ठी मागितली, ती वाचली आणि स्नायूंची म्हणून आणखी एक रक्ताची तपासणी केली. तिचा आकडा बराच वर आला होता. "तुमच्या डॉक्टरांना लगेच दाखवा," ती म्हणाली. "आणि सगळं सांगा." 'सगळं' हा शब्द म्हणताना तिने माझ्या बायकोकडे पाहिलं.

त्या संध्याकाळी वीज खात्यातले गृहस्थ सपत्नीक भेटायला आले. हळहळले. त्यांच्या मिसेस माझ्या बायकोला म्हणाल्या, "गोळ्यांच्या बाबतीत बाई लक्ष ठेवावं लागतं. आमचे मात्र कोलेस्टेरॉलची गोळी कधी चुकवत नाहीत. गावाले गेले तरी डबी सोबत असते." त्यांच्या यजमानांनी पंख्याकडे पाहिलं. आमचा पंखा हिवाळा असल्याने बंद होता, तरी ते बराच वेळ पाहत राहिले.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. खिसा, कुंपण, शिस्त. मला वाटलं ते रागावतील. ते म्हणाले, "सर, तुम्ही मला खोटी माहिती दिली आणि मी त्यावर खरा उपचार केला." मग त्यांनी समजावून सांगितलं की ही गोळी बहुतेकांना सोसते, काहींना नाही सोसत. ज्यांना सोसत नाही त्यांच्यासाठी डोस कमी करता येतो, दुसरी देता येते, दिवसाआड देता येते. फक्त आधी सांगावं लागतं. माझ्या घराण्याचा इतिहास पाहता नुसती सोडून द्यायची सोय नव्हती. आणि सगळाच थकवा गोळीचा असतो असंही नाही, म्हणून आणखी काही तपासण्या करायच्या होत्या.

"काही प्रश्न विचारतो," ते म्हणाले. "सकाळी उठल्या-उठल्याच थकल्यासारखं वाटतं?"

"हो," मी म्हटलं.

"जिना चढताना मध्ये थांबावं लागतं?"

"हो."

"थंडी जास्त वाजते? केस गळतात? कशात मन लागत नाही, नुसतं पडून राहावंसं वाटतं?"

मी विचार करत होतो. बायको शेजारच्या खुर्चीवरून, मला म्हणून नाही आणि डॉक्टरांना म्हणूनही नाही, अशी म्हणाली, "हे तं मले बारा वर्षांपासून होते."

डॉक्टरांनी लिहायचं थांबवून मान वर केली. मग खुर्ची थोडी तिच्याकडे वळवली. तिच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, मानेवर बोटं फिरवली. आणि दोन चिठ्ठ्या लिहिल्या. एकीवर माझं नाव, एकीवर तिचं.

रिपोर्ट आले. माझा थायरॉइड ठीक, हिमोग्लोबिन उत्तम, बाकी किरकोळ. जे होतं ते गोळीचंच होतं. तिच्या रिपोर्टवर मात्र दोन ठिकाणी ठळक अक्षरं होती. हिमोग्लोबिन इतकं कमी की डॉक्टर म्हणाले, ताई, तुम्ही चालत कशा आलात. आणि थायरॉइड बिघडलेला. कधीपासून? ते आता कुणी सांगू शकत नव्हतं. वर्षं असतील.

दवाखान्याबाहेर उसाच्या रसाची गाडी होती. आम्ही बाकावर बसलो. मी रस सांगितला. मग म्हटलं, "बारा वर्षं म्हणालीस."

"बारा, नाहीतं तेरा. पोरगी दहावीत होती तवापासून."

"मले कधी सांगितलं नाहीस."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "सांगितलं होतं ना. तुम्ही म्हटलं, गच्चीवर रोज दहा चकरा मार, बरं वाटते."

मला आठवेना. "मग?"

"मंग काय? मारल्या. महिनाभर मारल्या."

 इतक्या वर्षांत हजारो पोरांना मी फेऱ्या मारायला लावल्या, त्यांतली काही माझी गंमत करत असतील, काही खरंच थकली असतील, आता कळायला मार्ग नाही. पण ही तिन्हीसांजेला, दिवसभर मशीन चालवून, गच्चीवर एकटी फेऱ्या मोजत होती, आणि मी खाली बातम्या पाहत बसलो असेन. मी रसाचा दुसरा गिलास मागवला आणि तिच्यापुढे ठेवला. ती म्हणाली, "बर्फ नको म्हणा लागत होतं." मी तो बदलून आणला.

माझी गोळी डॉक्टरांनी महिनाभर बंद ठेवली. मग दुसऱ्या जातीची, अगदी कमी डोसची सुरू केली, आधी दिवसाआड. पोटऱ्या कधीमधी कुरकुरतात, पण पाय माझं ऐकतात. कोलेस्टेरॉल डॉक्टरांना हवं तितकं नसलं तरी त्यांना चालेल इतकं खाली आलं. शाळेत उरलेली अडीच वर्षं मी काढली. ओरडणं पूर्ण बंद झालं असं म्हणणार नाही. पण कुणी दमलो म्हटलं की मी आधी विचारायचो, कुठून आलास, काय खाल्लंस. खो-खोच्या जागा मुलीच ठरवायच्या. निरोप समारंभात एका मुलाने भाषणात प्रांजळपणे सांगितलं की सर आजारी होते ते वर्ष आम्हाला सर्वांत जास्त आवडलं. मुलं हसली, बाई हसल्या, गणिताच्या सरांनी तर टाळी वाजवली.

बायकोला लोहाच्या गोळ्या आणि थायरॉइडची गोळी सुरू झाली. थायरॉइडची सकाळी उपाशीपोटी घ्यायची असते आणि त्यानंतर अर्धा तास चहासुद्धा नाही. ती चहा घेत नाही तोवर मीही घेत नाही. तो अर्धा तास आम्ही पुढच्या पायऱ्यांवर बसतो. समोर नवी बिल्डिंग उभी होते आहे, तिचा स्लॅब पडताना पाहतो. पहिले काही दिवस दोघांनाही काय बोलावं सुचत नव्हतं. आता बहुतेक तीच बोलते. तिच्याकडे साठलेलं बरंच आहे. त्यातलं काही माझ्याविषयी असतं आणि ते ऐकायला चहाशिवाय कठीण जातं.

परवा तिने सांगितलं की त्या बिल्डिंगच्या खाली गाळे निघणार आहेत, त्यातला एक भाड्याने घेऊन शिवणाचं दुकान टाकायचं तिच्या मनात आहे. दोन बाया हाताखाली घेईन म्हणाली.

"झेपन का तुले?" मी विचारलं. यावेळी खरंच विचारलं.

"झेपते आता. नाही झेपलं तं सांगीन." मग म्हणाली, "हूक लावायले कोणी मिळत नाही पण. तुम्ही रिकामेच आहा."

सध्या मी ब्लाउजला हूक लावायला शिकतो आहे. दिवसाला चार होतात. त्यातले दोन ती उसवते आणि परत माझ्यापुढे ठेवते.